मांजराचं पिल्लू: खेळायला काय द्यावं, स्वच्छ कसं ठेवावं?

पागोळी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे डोंबिवलीत एक पिल्लू आलंय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसात भिजत होतं, आई कुठे दिसेना, शेवटी वॉचमनकाकांनी खोक्यात घालून वर आणून दिलं. भाटी आहे, करड्या पट्ट्यांची. दवाखान्यात दाखवून आणली, साधारण दोन महिन्यांची असेल म्हणाले. जंताचं औषध झालंय, पहिली लस पुढच्या आठवड्यात. लेकीने नाव ठेवलंय चिमटी.

चिमटी दिवसभर झोपते आणि दिवेलागणीला जी सुटते ती आवरत नाही. पडदे, सासूबाईंच्या साडीचा पदर, लेकीची वेणी, माझ्या पायाची बोटं, सगळ्यांवर झडप. लेक तिसरीत आहे. ती हाताने गुदगुल्या करते, पिल्लू हात धरून चावतं, की लगेच ओरखडे. खेळणी आणावीत म्हणून ऑनलाइन बघितलं तर पिसांची, घुंगराची, लेझरची, आपोआप फिरणारी, शंभर रुपयांपासून हजारांपर्यंत. त्यातलं खरंच लागतं काय?

दुसरा प्रश्न स्वच्छतेचा. सासूबाईंना चिमटीचा लळा लागलाय, पण देवघर हॉलमध्येच आहे. त्यांचं म्हणणं, पिल्लाला आठवड्याला आंघोळ घालावी आणि फरशी दोन्ही वेळा फिनाईलने पुसावी. मला इतक्या लहान जिवाला पाण्यात घालायची भीती वाटते. पिसवाही दिसल्यात अंगावर. शी-शूच्या ट्रेमध्ये काय भरावं, खेळणी धुवायची का, कशाने, तेही सांगा. अनुभवी लोकांनी सविस्तर लिहिलं तर फार उपयोग होईल.


निळी_दौत

पिल्लाला घर दिलंत, फार बरं वाटलं वाचून. मीही वाचते आहे, आमच्याकडेही आणायचा विचार चाललाय.


तिरफळ

पागोळीताई, आमचं घर रत्नागिरीजवळच्या वाडीतलं. मांजराशिवाय हे घर मी कधी पाहिलेलं नाही. त्यामुळे खेळण्यांबद्दल माझं मत ठाम आहे. पैसे कमी घाला, वेळ जास्त द्या.

पिल्लाचा खेळ हा शिकारीचा सराव असतो. आज संध्याकाळी चिमटीकडे नीट बघा. आधी पोट जमिनीला टेकवेल. डोळ्यांतली बाहुली पसरून डोळा जवळजवळ काळा होईल. मग मागचा भाग डावी-उजवीकडे हलेल, मागचे पाय जागच्या जागी रोवून बघेल आणि त्यानंतर उडी. हे सगळं करायला मिळालं तर तिचं मन भरतं. नुसता चेंडू समोर टाकला तर चार टोले मारून ती परत तुमच्या पायाकडे येणार, कारण पाय हलतात आणि चेंडू हलत नाही.

म्हणून खेळणं हलवणारं माणूस हवं. वेताची छडी किंवा बांबूची गुळगुळीत काठी घ्या, हातभर लांब. टोकाला जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी घट्ट बांधा आणि पट्टीच्या शेवटी मोठी गाठ मारा. झालं खेळणं. आता ते चालवायचं कसं, तर पिल्लाच्या नाकाकडे कधी नेऊ नका. अगदी जवळचं मांजराला धड दिसत नाही, आणि उंदीर काही मांजराच्या तोंडात चालत येत नाही. पट्टी तिच्यापासून लांब पळवा, खुर्चीच्या पायाआड न्या, तिथे क्षणभर थांबवा, नुसतं टोक हलवा. ती टपून बसेल. तेव्हा घाई करू नका, टपून बसणं हाही तिचा खेळच आहे. आणि दर थोड्या वेळाने तिला पकडू द्या. सारखं हुलकावत राहिलात तर पिल्लू चिडतं आणि मग हाताला चावतं.

बाकी घरातल्याच वस्तू. कागदाचा बोळा, रिकामा खोका, आत खाकी कागद चुरगाळून टाकलेला. जुन्या मोज्यात सुती चिंध्या भरून तोंड शिवून टाकलं की ती त्याला पुढच्या पायांनी मिठी मारून मागच्या पायांनी लाथा झाडते. ते तिला लागतंच, नाहीतर ती लेकीच्या हाताला तसं करणार. आणि नखं घासायला सुंभ गुंडाळलेला लाकडाचा ओंडका. सोफा वाचेल.

लेकीला एवढंच सांगा, हात हे खेळणं नाही. हात कुरवाळायला आणि खाऊ घालायला. पिल्लू लहान आहे तोवर चावणं गोड वाटतं. पण आठ महिन्यांचा बोका त्याच सवयीने चावला की रक्त येतं आणि घरातले मांजराला दोष देतात.


गोठ्यातला_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, सातारा जिल्ह्यात. काम मुख्यतः गाईम्हशींचं, पण हल्ली मांजरंही बरीच येतात. तिरफळ यांनी खेळाचं फार नेमकं लिहिलंय. मी त्यातला धोका सांगतो.

त्याआधी एक तातडीचं. लेकीला ओरखडे आलेत असं लिहिलंत. पिल्लू रस्त्यावरून आलेलं आहे, रेबीजची लस झालेली नाही, आणि ती तीन महिन्यांच्या आधी देतही नाहीत. जिथे ओरखडा किंवा दात लागला ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आधीचे ओरखडे दाखवले नसतील तर आज दाखवा. सरकारी रुग्णालयात माणसांची रेबीजची लस मोफत मिळते. पिल्लू निरोगी दिसतंय म्हणून हे टाळू नका.

आता तुमचे दोन्ही प्रश्न. खेळणं काय द्यावं आणि फरशी कशाने पुसावी, ह्या दोन्हींचं उत्तर माझ्या मते मांजराच्या जिभेत आहे. त्या जिभेवर शेकडो बारीक काटे असतात. आपली नखं ज्या केराटिनची असतात त्याचेच हे काटे, आणि सगळे घशाकडे वळलेले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की ह्या काट्यांची टोकं पोकळ असतात. ती थुंकी ओढून घेतात आणि थेट केसांच्या मुळाशी नेऊन सोडतात. म्हणूनच मांजर पाण्याशिवाय इतकं स्वच्छ राहतं. पण ह्याच काट्यांमुळे एकदा जिभेवर दोरा आला की तिला तो थुंकून टाकता येत नाही. काटे आतल्या दिशेने आहेत, दोरा आतच जातो.

मग काय होतं ते सांगतो, कारण हे कळल्याशिवाय लोक दोऱ्याला घाबरत नाहीत. दोऱ्याचं एक टोक जिभेच्या बुडाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकून बसतं, दुसरं आतड्यात उतरतं. आतडं त्याला पुढे ढकलत राहतं. दोरा जागचा हलत नाही, म्हणून आतडंच त्याच्यावर गोळा होत जातं, नाडी ओढलेल्या लेंग्याच्या नेफ्यासारखं. ताणलेला दोरा मग आतड्याची भिंत कापतो. शस्त्रक्रियेशिवाय इलाज राहत नाही, आणि उशीर झाला तर तीही पुरत नाही. खाणं सोडणं, सारख्या ओकाऱ्या, कोपऱ्यात दडून बसणं, ही लक्षणं दिसली की रात्र काढू नका. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. ओढलात तर आत जखम होते. तसंच उचलून दवाखान्यात न्या.

तेव्हा लोकरीचा गुंडा पिल्लाला द्यायचा नाही. चित्रात कितीही गोड दिसला तरी नाही. शिवणाचा दोरा (सुई ओवलेली असेल तर विचारूच नका), केसांचं रबर, रबरबँड, भेटवस्तूची रिबीन, राखीचे दोरे, गणपतीच्या मखराच्या झिरमिळ्या, हे सगळं झाकणाच्या डब्यात. संक्रांतीनंतर गच्चीत आणि झाडांवर उरलेला मांजाही. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, पण तो अजून सापडतोच, आणि तो कुजत नाही. तिरफळ यांच्या साडीच्या पट्टीलाही माझी एकच पुस्ती. खेळ संपला की काठी कपाटात. पट्टीच्या कडेचे दसे निघायला लागले की ती टाकून नवी बांधा.

विकतची खेळणी घ्यायची तर हाताने ओढून बघा. चिकटवलेले डोळे, टाचलेली पिसं, सैल घुंगरू, जे तुमच्या दोन बोटांनी निघेल ते तिच्या दातांनी निघणारच. तोंडात पूर्ण मावेल इतकी लहान वस्तू नको. साधारण साडेतीन-चार महिन्यांची झाली की दुधाचे दात पडायला लागतील, सहा महिन्यांपर्यंत कायमचे येतात. त्या काळात ती सगळंच चावेल, चार्जरची वायरसुद्धा.

आणि फिनाईल बंद करा. आजपासून. फरशीवरचं फिनाईल पंजाला लागतं, पंजा ती चाटते, म्हणजे तुम्ही ते तिला पाजल्यातच जमा. फिनॉल जातीची रसायनं माणसाचं यकृत ज्या मार्गाने निकामी करतं तो मार्ग मांजराच्या यकृतात फार दुबळा आहे. पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं कुठलंही जंतुनाशक मांजराच्या घरात नको, अशी सोपी खूण ठेवा. डांबराच्या गोळ्या, कापूर, निलगिरी तेल, टी ट्री तेल ह्यांच्यापासूनही लांब ठेवा. तापासाठी आपण घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. आणि पिसवांसाठी कुत्र्याचं औषध कधीही लावू नका. त्यात बहुधा परमेथ्रिन असतं, मांजराला त्याने झटके येतात आणि मांजर दगावतं.

सासूबाईंना सांगा, फरशी गरम पाण्याने आणि थोड्या साध्या साबणाने पुसून परत स्वच्छ पाण्याने पुसली की देवघरापुढचीही स्वच्छता पुरी होते.


कऱ्हाकाठ

डॉक्टरसाहेब, माहिती मोलाची आहे. पण आमच्या घरी माझी आई मांजरांना शिकेकाईच्या पाण्याने धुवायची, आणि ती मांजरं चांगली बारा-चौदा वर्षं जगली. आंघोळ अगदी वर्ज्य आहे का?


गोठ्यातला_डॉक्टर

वर्ज्य नाही, गरज नसते. तुमच्या आईंची मांजरं मोठी असतील, उन्हात बसून वाळत असतील. दोन महिन्यांच्या पिल्लाला अंगातली ऊब राखणं मोठ्या मांजराइतकं जमत नाही. मांजराच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. ओलं झालेलं पिल्लू भराभर गार पडतं, आणि पावसाळी हवेत तर वाळतही नाही. अंगाला तेल, रंग, शी असं काही लागलं तरच कोमट पाण्याने तेवढा भाग धुवायचा, डोकं आणि कान कोरडे ठेवायचे, लगेच टॉवेलने टिपून उबेत घ्यायचं. शिकेकाई डोळ्यांना झोंबते, आणि नीट निघाली नाही तर ती चाटणार. नेहमीसाठी कोमट पाण्यात पिळलेलं मऊ फडकं पुरतं.


रानजाई

मी पुण्यात अनाथ पिल्लं काही काळ सांभाळून पुढे घरं शोधून देते, म्हणून स्वच्छतेच्या बाजूचं लिहिते.

पिसवा आधी. इतक्या लहान पिल्लाच्या अंगावर पिसवा खूप झाल्या तर त्या रक्त पिऊन त्याला खरोखर पांढरं पाडतात. ओठ उचलून हिरड्या बघ. गुलाबी हव्यात. फिकट, पांढुरक्या असतील तर वाट न बघता दवाखाना. हिरड्या ठीक असतील तर औषधाच्या दुकानातून लिखांची बारीक धातूची फणी आण. चिमटीला जुन्या पांढऱ्या पंचावर मांडीत घे. बाजूला वाटीत कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. मानेपासून सुरुवात करायची, कारण पिसवा पळून डोक्याकडे जातात. मग हनुवटीखाली, काखेत, शेपटीच्या बुडाशी. फणीत पिसू आली की फणी लगेच वाटीत बुडवायची. साध्या पाण्यात पिसू तरंगते आणि उडी मारून निघून जाते, साबणाच्या पाण्यात बुडते.

फणीतून काळे बारीक कणही निघतील. ओल्या पांढऱ्या कापसावर एक कण ठेवून बघ. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे तुझ्या पिल्लाचंच पचलेलं रक्त. हे एकदा सासूबाईंना दाखव. त्यांना आपोआप पटेल की आंघोळीपेक्षा रोजची फणी कामाची. पिसवांचं औषध वजन बघून डॉक्टरच देतील.

पण निम्मंच काम झालं. पिसवांची अंडी आणि अळ्या अंगावर राहत नाहीत, अंथरुणात आणि फटींत पडतात. तिची चादर, पंचे, मोज्याचं खेळणं आठवड्याला गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळव. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरव. स्वतःला चाटताना पिल्लू पिसू गिळतं, त्यातून पट्टकृमी होतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसले तर डॉक्टरांना सांग, त्याचं औषध वेगळं असतं. साधं जंताचं औषधही सहा महिन्यांची होईपर्यंत डॉक्टर सांगतील तसं महिन्याच्या महिन्याला.

ट्रे. ओलावा लागला की गोळे होणारी वाळू एवढ्या पिल्लाला नको. पिल्लं ती खातात आणि ती पोटातही फुगते. लाकडी गोळ्यांचं लिटर (ट्रेमध्ये भरायचं विकतचं भरण), नाहीतर स्वच्छ चाळलेली बांधकामाची वाळू. कडा बुटकी असलेलं प्लॅस्टिकचं घमेलं चालतं, थर दोन बोटं. खाण्यापिण्याच्या भांड्यांपासून लांब, पण तिला सहज पोहोचता येईल अशा जागी. दिवसातून दोनदा शी काढ, आठवड्याला सगळं रिकामं करून साबण आणि गरम पाण्याने धू. उग्र वासाचं काही वापरलंस तर ती ट्रे सोडून पायपुसण्यावर जाईल, आणि मग घरचे म्हणतील पिल्लू घाण करतं.

गाईचं दूध देत असाल तर थांबवा. बहुतेकांना पचत नाही, जुलाब होतात, आणि 'पिल्लू सारखं घाण होतं' ह्या तक्रारीमागे फार वेळा हेच असतं.

खेळण्यांची स्वच्छता: प्लॅस्टिकची खेळणी साबणाच्या कोमट पाण्याने, वास जाईपर्यंत खंगाळून. कापडाची धुवून पूर्ण वाळवून, कारण आतल्या चिंध्या ओल्या राहिल्या तर बुरशी धरते. कागद आणि खोके मळले की टाकून दे. दुसऱ्याच्या मांजराची वापरलेली खेळणी आणि ट्रे मात्र लस पूर्ण होईपर्यंत नको, मी ह्यात फार कडक आहे. मांजरांचा पार्व्हो, ज्याला पॅनल्यूकोपेनिया म्हणतात, त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. माझ्याकडे आजारी पिल्लू येऊन गेलं की मी फरशी आणि प्लॅस्टिक आधी साबणाने धुते, मग एक लिटर पाण्यात साधारण ३० मिलीलिटर साधं ब्लीच घालून ते दहा मिनिटं ठेवते, मग भरपूर पाण्याने धुवून वाळवते. मांजरं तेव्हा दुसऱ्या खोलीत. ब्लीच दुसऱ्या कशातही मिसळायचं नाही. रोजच्यासाठी हे अजिबात नको.

आणि खोक्याला क्षुल्लक समजू नकोस. २०१४ साली नेदरलँड्समध्ये उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी निवारागृहात नव्याने आलेल्या मांजरांतल्या काहींना खोके दिले, काहींना नाही. खोका मिळालेल्या मांजरांचा ताण सुरुवातीच्या दिवसांत स्पष्ट कमी होता. नव्या घरात आलेल्या पिल्लाला लपायला जागा मिळणं हीच पहिली गरज आहे, खेळणं त्यानंतर.


सदाफुली

रानजाई, मला पाचवा महिना चालू आहे आणि आमच्या घरी बोका आहे. सगळे म्हणतात बाळ होईपर्यंत त्याला कुठेतरी सोडून या. मला रडू येतं. ट्रेमुळे खरंच धोका असतो का?


गोठ्यातला_डॉक्टर

ताई, सोडून देऊ नका. टोक्सोप्लाज्मा नावाच्या परजीवीबद्दल लोक बोलतात, तो धोका खरा आहे, पण त्याची वाट माहीत असली की ती अडवता येते. संसर्ग झालेलं मांजर साधारण एक ते तीन आठवडेच विष्ठेतून त्याची अंडी टाकतं, तेही बहुधा आयुष्यात एकदा. शिवाय ताज्या विष्ठेतली अंडी लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ झाला पाहिजे आणि तो घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करायचा. कोणीच नसेल तर हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुवून. बोक्याला कच्चं मटण-मासळी देऊ नका, बाहेर शिकारीला सोडू नका. आणि तुम्हीही अर्धंकच्चं मांस टाळा, पालेभाज्या-कोथिंबीर नीट धुवा, बागेत माती हाताळताना हातमोजे घाला. मांस आणि माती ह्या वाटांनी हा संसर्ग माणसाला बराच होतो. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजर असल्याचं सांगून ठेवा, गरज वाटली तर त्या रक्ताची तपासणी सांगतील. बोक्याला जवळ घ्यायला हरकत नाही.


सदाफुली

खूप खूप आभार डॉक्टर. हे जसंच्या तसं घरी वाचून दाखवते.


निळी_दौत

लेझरबद्दल कोणी लिहिलं नाही. माझ्या बहिणीचं मांजर त्याच्यामागे वेड्यासारखं धावतं, व्यायाम छान होतो.


तिरफळ

धावतं खरं, पण हाती काहीच लागत नाही. शिकार करून पकडायचंच नाही, हे मांजराला फार त्रासाचं होतं. काही मांजरं मग नुसत्या भिंतीवरच्या कवडशावर, सावलीवर टक लावून बसायला लागतात. वापरायचाच तर डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि शेवटी ठिपका खऱ्या खेळण्यावर नेऊन थांबवा, म्हणजे तिला काहीतरी धरायला मिळेल. माझ्या मते लहान मुलं असलेल्या घरात लेझर नकोच.

पावसाळ्यात परसात खोकली नावाचं तण उगवतं, त्याच्या मुळांवर मोठी मांजरं लोळतात. आमच्याकडे ते मूळ उपटलं की दोन मांजरं धावत येतात. बाहेरून येणाऱ्या कॅटनिप नावाच्या वनस्पतीचंही तसंच. पण पिल्लांना कॅटनिपचं काही वाटत नाही, ते तीन ते सहा महिन्यांनंतर, आणि बऱ्याच मांजरांना मोठेपणीही नाही. तेव्हा चिमटीसाठी त्यावर पैसे घालू नका, आणि खोकली तर खायला द्यायचीच नाही.


पागोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला डॉक्टरांकडे नेलं, लस सुरू झाली. फिनाईलच्या बाटल्या घरातून गेल्या. रानजाई, कापसावरचा तांबूस डाग सासूबाईंनी स्वतः बघितला आणि आता फणीचं काम त्यांनीच घेतलंय, दुपारच्या चहानंतर. चिमटी त्यांच्या मांडीवर चक्क झोपते.

काठीचं काम लेकीकडे. काल पट्टी सोफ्याखाली लपवून तिने चिमटीला बराच वेळ टपून बसवलं, आणि उडी मारल्यावर पकडू दिलं. हात खेळायला द्यायचा नाही हे तिने स्वतःच मैत्रिणींनाही सांगितलं.

दोन शंका राहिल्या. पहाटे चारला ती अंगावर उड्या मारते, त्याचं काय करू? आणि तिरफळदादा, सुंभाचा ओंडका घरी करायचा तर सुंभ चिकटवायचा कशाने?


रानजाई

पहाट आणि संध्याकाळ ह्याच त्यांच्या शिकारीच्या वेळा. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं चांगलं दमेपर्यंत खेळव आणि लगेच पोटभर जेवू घाल. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, असा त्यांचा क्रम असतो. पहाटे उठवलं तर उठून खायला देऊ नकोस, नाहीतर तीच वेळ पक्की होईल. काही दिवस लागतील. खेळणीही सगळी एकदम बाहेर ठेवू नकोस, दोन बाहेर, बाकी कपाटात, आणि अदलाबदल कर. कपाटातून आलेलं खेळणं तिला नवंच वाटतं.

आणि खिडक्या, गॅलरी? डोंबिवलीत कितवा मजला? ग्रिलमधून एवढं पिल्लू सहज जातं. खेळाच्या भरात त्यांना उंची कळत नाही. बारीक जाळी आधी लाव.


पागोळी

चौथा. जाळीवाल्याला आजच फोन करते.


तिरफळ

चिकटवायचा नाहीच. गोंद, फेव्हिकॉल काही नको, ती चावणार. मोठं झालेलं मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं तरी पुरेल इतका ओंडका घ्या, तीन फूट तरी. खाली रुंद, जड फळी स्क्रूने पक्की करा. एकदा जरी तो हलला तरी ती त्याला पुन्हा हात लावणार नाही. सुंभ रात्रभर पाण्यात भिजवा, ओलाच ताणून वेढ्याला वेढा लावून गुंडाळा, वाळला की आवळून बसतो. सुरुवातीचं आणि शेवटचं टोक लाकडाला आरपार भोक पाडून त्यात खोचा आणि लाकडाची खुंटी ठोका. खिळा नको, कारण सुंभ झिजला की खिळा वर येतो. तयार झाला की तिच्या झोपायच्या जागेजवळ ठेवा, कारण उठल्या उठल्या त्यांना आधी आळस देऊन नखं ओढायची असतात.


गोठ्यातला_डॉक्टर

तिरफळ, पद्धत चांगली आहे. पागोळीताई, दर आठवड्याला ओंडक्यावरून हात फिरवा. सुंभाचे सुटलेले लांब तंतू कात्रीने बुडाशी कापून टाका आणि जिथे वेढा सैल झाला असेल तिथे सुंभ बदला. पुढच्या लशीला याल तेव्हा तुमच्या डॉक्टरांकडून नखांची टोकं कापायलाही शिकून घ्या. पांढरं टोकच कापायचं, आतला गुलाबी भाग सोडून.